खेळ की हजेरी?

कष्टाला माझी ना नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्याला ठाऊक असते, जितके वेचावे तितके वजनात भरते. पात्र घेऊन खेळायच्या ऑनलाइन खेळांत मात्र तसे नाही. २०२० साली आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पात्राच्या अंगावर पाच वस्तू चढवाव्या लागतात. त्या मिळवण्याच्या एका फेरीला २० ‘रेझिन’ खर्ची पडते. ८ मिनिटांना एक या हिशेबाने ते भरते आणि २०० झाले की थांबते. म्हणजे आठवड्याने येणाऱ्याचे सहा दिवस वाया! शिवाय मिळालेल्या वस्तूचे दुय्यम गुण नशिबावर. सवडीने खेळणाऱ्याने कसब दाखवावे तरी कोठे? खेळाने खेळाडू पारखावा, हजेरी घेऊ नये. हजेरीपट कॉलेजात आहे, तेवढा पुरे!