बंधुत्वाची कसोटी उंबरठ्यावर

संघ म्हणजे फ्रीमेसन मंडळींसारखी गुप्त संघटना, हा जुना आरोप अधूनमधून नव्याने उगाळला जातो. आरोप करणाऱ्यांनी एकदा या दोन बंधुसंघांच्या वास्तूंचा इतिहास शेजारी मांडून पाहावा.

फ्रीमेसन लॉज अठराव्या शतकात इंग्रजांबरोबर भारतात आले. विश्वबंधुत्व हे त्यांचे ब्रीद. परंतु त्यांच्या सभागृहाचे दार आतून बंद. कोलकात्याच्या प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना त्या दारातून आत जाण्यासाठी सुमारे नऊ वर्षे झगडावे लागले. १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. मुंबईत भारतीयांना सामावून घेण्यासाठी १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे निराळे लॉज काढावे लागले. ज्या बंधुत्वाला माणसाचा वर्ण विचारावा लागतो, ते विश्वाचे कसे?

आता नागपूरकडे वळू. महालातील मोहित्यांचा वाडा हे भोसल्यांच्या एका सरदाराचे पडके घर. १९२६ साली डॉ. हेडगेवारांनी तेथील ढिगारे उपसून शाखा सुरू केली. डोक्यावर छत नाही, दाराला कुलूप नाही, कानात सांगायचा परवलीचा शब्द नाही. जे चालले ते उघड्या मैदानावर, सूर्याच्या साक्षीने! १९३४ साली वर्ध्याच्या शिबिरात महात्मा गांधी आले. तेथील शिस्त आणि अस्पृश्यतेचा अभाव आपल्या मनावर ठसला, असे त्यांनी सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत स्वयंसेवकांपुढे सांगितले. गुप्त मंडळीत पाहुण्याला असे दर्शन घडते काय?

संघाची नोंदणी नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. १९४९ साली लिखित घटना सरकारपुढे ठेवली गेली, याचा मात्र आक्षेपकांना सोयीस्कर विसर पडतो.

तथापि एक गोष्ट आपण आपल्यालाही बजावली पाहिजे. मोहित्यांच्या वाड्याच्या जागी आज भवन आहे, आणि २०२५ साली दिल्लीत केशवकुंजाची बहुमजली वास्तू कार्यान्वित झाली. कार्य वाढले की भिंती वाढणारच, पहाराही येणारच. पण त्या भिंतींआड सामान्य माणूस बुजू लागला, वस्तीतला बांधव उंबरठ्यावर घुटमळू लागला, तर टीकाकारांना खोटे ठरविण्यास इतिहास पुरणार नाही. बंधुत्व वास्तूच्या उंचीवर मोजले जात नाही. दारात कोण अडतो, यावर मोजले जाते. मोहित्यांच्या वाड्याचा वारसा तो हाच.