हातगाडीचा संसार

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील क्रेप म्हणजे आपल्या घावनाचेच भावंड. तेथील बाजारात क्रेपची गाडी असो वा गुरुग्राममध्ये छोले-कुलच्यांची, तव्यामागे पुष्कळदा सारे कुटुंब राबत असते.

गुरुग्रामच्या सेक्टर 14 मध्ये 2016 साली एका शिक्षिकेने अशीच गाडी लावली. अपघातात पती जखमी झाल्याने घराची चिंता तिच्यावर आली होती. वर्तमानपत्रांनी तिच्या धैर्याचे कौतुक केले, ते योग्यच होते. परंतु गाडी कौतुकावर उभी राहत नाही. तिला रस्त्याकडेची हक्काची जागा लागते.

पथविक्रेत्यांविषयीच्या 2014 च्या अधिनियमानुसार पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करून विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यावयाचे आहे. धारक आजारी पडला, कायमचा अपंग झाला किंवा मरण पावला, तर त्याची पत्नी अथवा अवलंबून असलेले अपत्य विक्री करू शकते. मात्र प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंतच. म्हणजे रात्री छोले भिजत घालणारी, पहाटे शिजवणारी आणि दिवसभर हिशेब ठेवणारी स्त्री कायद्याच्या लेखी केवळ बदलीवरची ठरते! संकटाच्या वेळी हा आधार मोलाचा आहे, पण तो अपुरा आहे. प्रमाणपत्र प्रथमपासूनच पती-पत्नी दोघांच्या नावे असावे. त्यामुळे एका कुटुंबाला दोन जागा मिळतील, ही शंका निराधार आहे. जागा एकच राहील, नावे मात्र दोन असतील. पालिकेचे पथक दारी येईल तेव्हा गाडीवर जी उभी असेल, तिला स्वतःच्या नावाचा कागद दाखवता येईल.