वडनेरवरून कन्याकुमारी

दिवाळी सरली, हिंगणघाटच्या जिनिंगकडे कापसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, की वडनेरजवळ महामार्गाच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. ट्रॉलीतून उडालेला कापूस काट्यांना अडकतो आणि तसाच राहतो. त्याच दिवसांत काश्मीरची सफरचंदं घेऊन दक्षिणेकडे निघालेले ट्रक इथून जातात. चहाच्या टपरीपाशी उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचाव्यात. जम्मूची गाडी, तिच्या मागे हरियाणाची, पलीकडे तमिळनाडूची. तमिळ ड्रायव्हर ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह मांडून स्वतःचा भात शिजवतो आणि क्लीनर तोवर टायर ठोकून बघतो. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि अजूनही तिथं पाय थबकतात.

आपल्याकडची मुलं अमेरिकेला गेली की तिकडच्या इंटरस्टेटचे फोटो पाठवतात. आय-७० या रस्त्यानं युटातून कोलोरॅडोत जाताना लाल कडे लागतात. ग्रीन रिव्हर ते सलायना या टप्प्यात तर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर पेट्रोलपंपसुद्धा नाही. पुढे ग्लेनवूडची दरी, तिथला रस्ता १९९२ साली पुरा झाला. सुंदरच आहे ते सारं. घरातली मंडळी फोटो बघतात आणि ‘आपल्याला कुठलं हे जमायला’ म्हणतात, तेव्हा मला राहवत नाही. अख्खा देश ओलांडणारा रस्ता आपल्या वावरांना लागून जातो! आपण त्यावरून जातो ते नागपूरच्या दवाखान्यात, नाहीतर पांढरकवड्याच्या लग्नाला.

जुनी माणसं त्याला अजून ‘सात नंबर’ म्हणतात. वाराणसी ते कन्याकुमारी असा तो राष्ट्रीय महामार्ग ७ होता. २०१० साली देशभर नवे क्रमांक आले आणि श्रीनगर ते कन्याकुमारी असा एकच ४४ नंबर झाला. लांबी सुमारे पावणेचार हजार किलोमीटर, देशातला सगळ्यांत लांब राष्ट्रीय महामार्ग. पानिपत, ग्वाल्हेर, झाशी ही नावं या रस्त्यावर उत्तरेला आहेत. तिकडेही जावंच, पण पहिल्यांदा गाडी दक्षिणेला वळवा असं मी सांगेन, कारण या वाटेवरच्या नद्या.

वडनेर सोडलं की पोहण्याजवळ वर्धा नदी येते. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. इंग्रजांच्या काळात इथं मध्य प्रांत संपून वऱ्हाड सुरू व्हायचं. वडकी, करंजी गेलं की चढउतार लागतात, दोन्ही अंगांना साग येतो. पांढरकवड्यापासून टिपेश्वरचं जंगल जवळच आहे. तिथला एक तरणा वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि तेराशे किलोमीटरांहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. प्रवासाची हौस या मुलखातच असावी. पुढं पैनगंगा. १९५६ पर्यंत पलीकडचा मुलूख हैदराबाद राज्यात होता. आता तेलंगण आहे, पाट्या तेलुगू झाल्या, तरी आदिलाबादच्या बाजारात मराठी बोललं की मराठीत उत्तर मिळतं. शेतात पऱ्हाटीही आपलीच, माती काळीच.

मग निर्मलचा घाट, आणि सोनजवळ गोदावरी. त्र्यंबक, नाशिक, पैठण, नांदेड करून आलेली ही नदी. आपल्या वर्धेचं पाणी तिला अजून मिळालेलं नसतं. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते आणि ती खूप खाली, सिरोंचापाशी, गोदावरीत जाते. ज्या पाण्याच्या काठी आपण वाढलो ते पुढं कुणाला मिळणार आहे हे कळून त्या पुलावरून जाणं वेगळंच असतं. हैदराबादच्या पुढे बिचुपल्लीला कृष्णा, कर्नूलला तुंगभद्रा. तोवर काळी माती कधी लाल झाली ते खिडकीबाहेर न बघणाऱ्याला कळतही नाही. तमिळनाडूत कावेरी, मदुरैला वैगई, तिरुनेलवेलीला ताम्रपर्णी. शेवटी आरलवायमोळीच्या खिंडीत पवनचक्क्यांची रांग, आणि समुद्र.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. अमेरिकेत इंटरस्टेटच्या कडेला गाडी लावून दरी, नदी बघण्यासाठी जागा राखलेल्या असतात. आपल्याकडे चार पदरी रस्ता झाला, टोलनाके झाले, पण वर्धेच्या पुलाशी दोन मिनिटं सुखरूप उभं राहून नदी बघावी अशी सोय हवी, ती कुणाच्या यादीत दिसत नाही. पुलावर गाडी थांबवणं म्हणजे जिवावर खेळणं, ते करूच नये. पुलाच्या अलीकडे थोडी जागा, दोन झाडं, एक बाक आणि नदीच्या नावाची ठळक पाटी, एवढं मागणं फार नाही. ग्रामपंचायतींनी ठराव करून ते रस्तेवाल्यांकडे लावून धरावं.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबर निवडावा. पऱ्हाटी फुटलेली असते आणि नद्यांना पाणी असतं. पहाटे निघावं, रात्री गाडी चालवू नये. पहिल्या दिवशी निर्मलच्या पुढं जाऊच नये. तिथली लाकडी खेळणी करणारी माणसं कामाला बसलेली बघायची असतील तर दुपार हाताशी हवी.