थोडे थांबा, घाई करू नका

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. कुणी ‘शीघ्रपतन’ लिहितो, कुणी ‘कमजोरी’. एका भगिनीने एवढेच लिहिले, “त्यांचे लवकर आटोपते, मग ते पाठ फिरवून झोपतात. यावर काही उपाय आहे काय?” या भगिनीचे आम्ही मनापासून कौतुक करतो.

कुटुंबाच्या पानावर असला विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांना एक आठवण करून देतो. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. तेव्हा त्यांची बाजू कोर्टात मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांना ज्या प्रश्नोत्तरांची लाज वाटली नाही, त्यांची लाज आम्ही का बाळगावी?

आता मूळ मुद्दा. स्त्री असो वा पुरुष, उत्तेजना पायरीपायरीने चढते. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६६ साली तिच्या चार अवस्था मांडल्या. आधी उत्तेजना वाढते, मग ती एका उंचीवर टिकते, मग परमोच्च क्षण येतो आणि शेवटी शरीर शांत होते. खरी गोडी आहे ती दुसऱ्या अवस्थेत, आणि घाईत नेमकी तीच हातची जाते. पुरुषाच्या बाबतीत एक रेषा असते. ती ओलांडली की वीर्य बाहेर पडणारच, मग कितीही मन आवरा. शिकायचे ते एवढेच, की रेषा जवळ आली हे ओळखायचे आणि अलीकडेच थांबायचे.

ही सवय लावता येते. जेम्स सीमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९५६ साली तिची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजही डॉक्टर तीच सांगतात. सुरुवात एकट्याने करावी. हाताने सावकाश उत्तेजना वाढवावी, आता होणार असे वाटू लागण्याच्या आधीच हात काढून घ्यावा. पोट आणि मांड्या सैल सोडाव्यात, श्वास लांब घ्यावा. अर्ध्या-एक मिनिटात लाट ओसरते. मग पुन्हा सुरुवात. असे तीनदा थांबावे, चौथ्यांदा होऊ द्यावे. काही आठवड्यांत शरीराची चाहूल कळू लागते. हस्तमैथुनाने ताकद जाते हा जुना गैरसमज आहे. वीर्य शरीरात सतत तयार होत असते, ते साठवून कोणी पहिलवान होत नाही.

पुढची पायरी जोडीदाराच्या हाताने. पतीने ‘थांब’ म्हणायचे, पत्नीने थांबायचे. ते जमले की प्रत्यक्ष संबंधात तेच करावे. पत्नी वर असेल तर पतीला अंग सैल ठेवणे सोपे जाते. आत असतानाच दोघांनी हालचाल थांबवावी, लाट ओसरू द्यावी. असे दोन-तीन वेळा थांबल्यावर येणारा शेवटचा क्षण अधिक जोरकस आणि भरलेला वाटतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. कधी वृषणात थोडे जड वाटते, ते आपोआप जाते. मात्र सुटू लागलेले वीर्य बोटाने दाबून अडवण्याचे प्रकार करू नयेत.

थांबणे म्हणजे पंख्याकडे बघत पडणे नव्हे! हात मोकळे असतात, तोंड मोकळे असते. पुष्कळ स्त्रियांना केवळ संभोगाने पूर्ण समाधान मिळत नाही. योनीच्या वरच्या टोकाशी जो लहानसा उंचवटा असतो, ज्याला शिश्निका म्हणतात, तिथला स्पर्श त्यांना हवा असतो. किती, कसा, हे तिनेच सांगावे आणि त्याने ऐकावे. याच पद्धतीने तीही आपला क्षण लांबवू शकते, एकटीनेसुद्धा. आणि तिचे मन नसेल त्या दिवशी विषय तिथेच संपला.

आमच्या मते या घाईला आपली घरेही कारणीभूत आहेत. दहा बाय दहाची खोली, मध्ये जुन्या साडीचा पडदा, पलीकडे पोरे आणि म्हातारी, पहाटे नळाला पाणी. अशा घरात माणूस लग्नानंतर पहिली गोष्ट शिकतो ती आवाज न करता लवकर उरकण्याची. त्यात पुरुषाच्या कमजोरीचा प्रश्न येतोच कुठे? रविवारी मुले विहारात धम्मवर्गाला गेली की दाराला कडी लावायला हरकत नाही. तेवढ्या वेळात भाजी निवडलीच पाहिजे असे नाही.

अर्ध्या तासाच्या बढाया मनावर घेऊ नयेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतील ५०० जोडप्यांनी घड्याळ लावून वेळ मोजला. निम्म्या जोडप्यांचा वेळ साडेपाच मिनिटांच्या आतच होता. तेव्हा स्टेशनच्या भिंतीवरील जाहिराती वाचून तंबूतल्या वैद्याकडे आठवड्याचा पगार ओतू नका. त्या पुड्यांत काय असते ते देणाराच जाणे, अफूची सवय मात्र सुटता सुटत नाही. दारूने वेळ वाढतो म्हणणाऱ्यांना ताठरता का जाते तेही विचारावे. लग्न झाल्यापासून नेहमीच मिनिटभरात होत असेल, किंवा पूर्वी ठीक असून आता बिघडले असेल, मधुमेह असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर सरकारी रुग्णालयात जावे. डॉक्टरांनी यापेक्षा अवघड प्रश्न ऐकलेले असतात.

आणखी एक. थांबण्याची ही सवय म्हणजे संततिनियमन नव्हे. वीर्य सुटण्याआधी जो थोडा द्रव येतो त्यातूनही दिवस राहू शकतात. म्हणून निरोध वापरावाच. त्याने स्पर्श किंचित बोथट होतो, आणि आजच्या विषयापुरता अनेकांना तोही फायद्याचाच ठरतो.