वृद्धाश्रमातील पावले

वृद्धाश्रम पाहावयास आलेला पाहुणा स्वयंपाकघर पाहतो, चादरी पाहतो, औषधांचे कपाट पाहतो आणि समाधानाने परततो. तेथील आजी-आजोबा दिवसाकाठी किती पावले चालतात, हे सहसा कोणी विचारीत नाही. ‘पडाल, बसून राहा’ हा प्रेमळ आग्रह मात्र सर्वत्र कानी पडतो. वास्तविक, पडण्याच्या भीतीने बसविलेला माणूस बसून बसूनच दुबळा होतो आणि हे दुबळे पायच त्याला पाडतात.

उतारवयात गेलेली ताकद परत येत नाही, हा समज १९९० सालीच खोटा ठरला. अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्ध-शुश्रूषागृहातील, सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची तर काठी सुटली! प्रयोग लहान होता, हे खरे. परंतु १९९४ साली शंभर निवासींच्या अभ्यासानेही तेच दाखविले.

आपल्याकडे २००७ च्या कायद्याने जिल्हावार वृद्धाश्रमांची तरतूद केली. निवाऱ्याचा विचार झाला. पण स्वतः उठून न्हाणीघरापर्यंत जाता येणे, यातच वृद्धाचा स्वाभिमान असतो. त्यासाठी महागडी यंत्रे नकोत. भिंतीला कठडा, भक्कम खुर्ची, डॉक्टरांचा सल्ला आणि नित्य सोबत हवी. वाढदिवसाला फळे वाटून छायाचित्र काढणाऱ्या कुटुंबांनी दर रविवारी एखाद्या आजोबांचा हात धरून अंगणात दोन फेऱ्या माराव्यात.