बँकॉकचा जॉब, म्यानमारचा कंपाउंड : विमानात बसण्याआधी फोनवर काय तपासाल?

मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेच्या विमानांनी थायलंडच्या मे सॉत या सीमेवरच्या गावातून दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले. १० तारखेला २८३ आणि ११ तारखेला २६६. ही मंडळी फिरायला गेलेली नव्हती. चांगल्या पगाराच्या नोकरीचं आमिष दाखवून त्यांना नेलं होतं आणि म्यानमारमधल्या सायबर फ्रॉडच्या अड्ड्यांवर कामाला जुंपलं होतं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून ६० हून जास्त भारतीयांची सुटका केली आणि काही एजंटांना अटक केली. म्हणजे ही साखळी आपल्या राज्यापर्यंत येते.

मौद्याचा याच्याशी काय संबंध? गावाजवळ एनटीपीसीचा २,३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, हायवेने नागपूर जवळ आहे. तरी डिप्लोमा किंवा बीई करून बसलेल्या प्रत्येकाला इथे मनासारखं काम मिळत नाही. अशा वेळी टेलिग्रामवर मेसेज येतो : 'डिजिटल मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, बँकॉक, राहणं-जेवण फ्री, तिकीट कंपनीचं.' या टोळ्यांना अशीच पोरं हवी असतात : इंग्रजी जमणारी, टायपिंग येणारी, सोशल मीडिया कळणारी. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच थायलंडमधल्या अशा बनावट आयटी नोकऱ्यांबद्दल सूचना काढली होती.

हे चालतं कसं?

व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू होतो, प्रश्न सोपे असतात, ऑफर लेटर पटकन येतं. बँकॉकला उतरल्यावर गाडी न्यायला येते. पण ती ऑफिसकडे न जाता वायव्येला निघते आणि जवळपास ५०० किलोमीटरवरच्या मे सॉतला पोचते. तिथे मोई नदी आहे. नदीपलीकडे म्यानमारचं म्यावड्डी. एकदा नदी ओलांडली की तुम्ही व्हिसाशिवाय दुसऱ्या देशात शिरलेले असता आणि थायलंडच्या पोलिसांचा हात तिथे पोचत नाही.

आत गेल्यावर पासपोर्ट आणि फोन काढून घेतात. मग काम सांगतात : खोटी प्रोफाइल बनवा, लोकांशी गोड बोला, खोट्या ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये पैसे टाकायला लावा. नकार दिला तर मारहाण किंवा 'इतके लाख भर, मग जा'. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार असं जबरदस्तीचं काम करणारे म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक होते.

थायलंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये या भागाची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं. तरी अड्डे सॅटेलाइट इंटरनेटवर चालत राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पेसएक्सने अशा ठिकाणांजवळचे २,५०० हून जास्त स्टारलिंक संच बंद केल्याचं जाहीर केलं. यावरून धंद्याचा आकार लक्षात येतो.

सरकारी चाळणी तुम्हाला का लागत नाही?

दहावी न झालेला माणूस आखातात कामाला जाताना त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. थायलंड धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर त्याला सरकारची परवानगी घ्यावी लागते, म्हणजे कागद कोणीतरी तपासतं. तुम्ही दहावी पास आहात, त्यामुळे ती अट तुम्हाला नाही. त्यात थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय यायची मुभा दिली. फिरणाऱ्यांची सोय झाली, एजंटांचीही झाली. जास्त शिकलेल्या पोराचे कागद कोणी तपासतच नाही, ते काम त्याचं त्यालाच करावं लागतं.

निघण्याआधी

१. ई-मायग्रेट ही सरकारी वेबसाइट उघडा. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. त्याचा लायसन्स नंबर मागा आणि यादीत स्वतः शोधा. त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट धरू नका.

२. फी बघा. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. कोणी दोन-तीन लाख मागत असेल तर तिथेच थांबा. आणि अजिबात पैसे नकोत म्हणणारा एजंट जास्तच संशयाचा, कारण त्याला पैसे दुसरीकडून मिळणार असतात.

३. 'विमानतळावर विचारलं तर फिरायला चाललोय म्हण' असं एजंट सांगतोय का? मग बाकी काही तपासायची गरजच नाही. टुरिस्ट म्हणून शिरून काम करणं बेकायदा आहे. खऱ्या कंपनीच्या माणसाला इमिग्रेशन काउंटरवर खोटं बोलावं लागत नाही.

४. 'माझा मित्र तिथेच आहे, त्यानेच बोलावलं' हा पुरावा नाही. अड्ड्यांत अडकलेल्यांना नवीन माणसं आणायला लावतात. मित्राला व्हिडिओ कॉल करा, ऑफिसबाहेर रस्त्यावर येऊन आजूबाजूचं दाखवायला सांगा.

फोनमधली तयारी

गुगल मॅप्सवर थायलंडचा जो भाग लागेल तो ऑफलाइन डाउनलोड करा. नेट नसलं तरी निळा ठिपका दिसतो. ऑफिस बँकॉकमध्ये आणि ठिपका दोन तासांनंतरही वायव्येला सरकतोय, तर पुढच्या पेट्रोल पंपावर उतरा. गर्दीत थांबा, आरडाओरडा करा. सुटायची संधी नदीच्या अलीकडेच असते.

घरच्या एका माणसाला लोकेशन शेअरिंग 'बंद करेपर्यंत' सुरू करून द्या. फोन हिसकावला तरी शेवटची जागा त्यांना दिसते आणि दूतावासाला ती सांगता येते.

भारतीय सिमचं रोमिंग इथूनच सुरू करून जा, म्हणजे उतरल्या उतरल्या फोन लागेल. पासपोर्ट, तिकीट आणि ऑफर लेटरचे फोटो आईबाबांच्या फोनमध्येही ठेवा. घरच्यांशी एक साधा शब्द ठरवून घ्या. 'शेतात भेंडी लावली का?' असं विचारलं की समजायचं, पोरगं अडचणीत आहे.

थायलंडचे पोलीस १९१, टुरिस्ट पोलीस ११५५ आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा इमर्जन्सी नंबर सेव्ह करा, शिवाय कागदावर लिहून खिशात ठेवा. भारतातला १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर परदेशात अडकलेल्यासाठी नाही. घरच्यांनी स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद करावी.

एक गोष्ट राहते. आपल्या काकांना शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपमध्ये ओढणारा गोड मेसेज कदाचित अशाच एखाद्या खोलीतून येतो आणि टाइप करणारा नोकरी शोधत घराबाहेर पडलेला कोणाचा तरी मुलगा असतो. एजंटचं लायसन्स तपासायला दहा मिनिटं लागतात. तिकीट आलेल्या मित्राला हे पाठवा, आणि तो चिडला तरी त्याच्याशेजारी बसून ती दहा मिनिटं तपासून घ्या.