वाड्यांतली जुनी बंदूक

खंडेनवमीच्या आधीं आठ दिवस चिखलीकडचे आमचे एक स्नेही घरीं आले. नुकतेच वडील वारले, आणि वाड्याच्या माळ्यावरून त्यांची दुनळी बंदूक खालीं आली. पूजेला ती पाटावर मांडावी, दसऱ्याला एक बार काढावा, आणि पुढें शेतांत शिरणाऱ्या रोह्यांना व रानडुकरांना तिच्या आवाजानें पिटाळावें, असा चिरंजीवांचा बेत होता. नळीला एके ठिकाणीं पोचा होता. आंत गंज होता. "मास्तर, बंदूक धड आहे कीं नाहीं, तेवढें सांगा," असें ते म्हणाले. आम्हीं जन्मभर शब्दरूपें घोकून घेतलीं. बंदुकीचे आम्ही परीक्षक नव्हे. परंतु प्रमाणावांचून निर्णय देऊं नये, हें न्यायशास्त्रानें शिकविलें आहे. म्हणून जाणत्यांस विचारून जें कळलें तें येथें देत आहों. वऱ्हाडांतील जुन्या घरांत अशा बंदुका अजून निघतात.

प्रथम, बंदूक भरलेलीच आहे असें धरून चालावें. ठासणीच्या बंदुकींतील काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनंतरही पेट घेते. तीं भरलेली निघाल्यास घरीं उकरूं नये. जाणत्या माणसास बोलवावें. नळींत कुंभारमाशीनें केलेलें मातीचें घर किंवा विसरलेलें फडकें असलें, तरी तें नळी फोडावयास पुरेसें असतें.

आमच्या स्नेह्यांनीं नळ्या दोरीला टांगून टिचकी मारून पाहिली होती. देवळांतल्या घंटेसारखा नाद निघाला, म्हणून त्यांचें समाधान झालें होतें. पण हा हेतु अनैकांतिक आहे. स्वच्छ नादावरून दोन नळ्यांमधील जोड पक्का आहे इतकेंच कळतें; आंतून कुरतडलेली नळीही तितकीच गोड वाजते.

मग आम्हीं नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरून आंत पाहिलें. काळ्या दारूची राख हवेंतील पाणी ओढते, आणि जुन्या काडतुसांच्या टोपींतून उरणारा क्षार लोखंड खातो. अशी बंदूक पाण्यानें धुऊन, कोरडी करून तेल न दिल्यास आंत देवीच्या वणांसारखे खड्डे पडतात. उथळ डाग निराळे व खोल खड्डे निराळे. ते घासून काढले म्हणजे नळी चकचकीत होते खरी, पण तितकीच पातळही होते. जुनी बंदूक फार चकचकीत दिसली तर अधिक संशय घ्यावा.

पोचा आणि फुगवटा यांतही भेद आहे. पोचा बाहेरून बसलेला असतो; कुशल कारागीर तो बहुधा उचलूं शकतो. फुगवटा आंतून आलेला असतो. नळींत कांहीं अडकलें असतां बार उडाल्यानें धातु ताणली जाते, आणि उजेडांत पाहिल्यास आंत काळसर कडें दिसतें. ताणलेली धातु पूर्ववत् होत नाहीं. वीस बोरचें काडतूस चुकून बारा बोरच्या बंदुकींत घातलें तर तें पुढें सरकून नळींत अडकतें, आणि त्याच्यामागें दुसरें भरून चाप ओढला कीं अनर्थ होतो. याच कारणास्तव वीस बोरच्या काडतुसांस पिवळा रंग देण्याची चाल पडली.

यापुढें डोळा पुरत नाहीं. नळीच्या भिंतीची जाडी यंत्रानें मोजावी लागते. सर्वांत पातळ जागीं अर्धा मिलिमीटर ही जाणते लोक अगदीं शेवटची मर्यादा मानतात. नळीखालचे शिक्केही वाचावे. लंडनच्या बंदूककारांस १६३७ सालीं सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें झालें; तेथें नेहमींपेक्षां जबर बार काढून नळी पारखीत. पण शिक्का त्या दिवसाची साक्ष देतो, आजची नव्हे. शिवाय परीक्षा काळ्या दारूची कीं धूरविरहित दारूची, हेंही पाहिलें पाहिजे. धूरविरहित दारूचा दाब नळींत पुढें जेथें भिंत पातळ होते तेथपर्यंत अधिक टिकून राहतो. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या नागमोडी नक्षीच्या नळींत जोडांमधील मळी डोळ्यांस दिसत नाहीं. अशा नळींत आजचें काडतूस घालणें साहस होय.

चिरंजीव म्हणाले, "झाडाला बांधून दोरीनें एक बार काढून पाहूं." हा उपाय सर्वांत फसवा. एक बार निभावला म्हणजे पुढचा निभावेलच असें नाहीं. पहिल्यानेंच पडलेली बारीक भेग दुसऱ्यानें उघडते. "आजोबांनीं तर दर दसऱ्याला बार काढला," असें ते पुढें म्हणाले. आम्हीं त्यांस नेम धरल्यासारखी बंदूक धरावयास सांगितलें. फुगवट्याचें कडें बरोबर डाव्या पंजाखालीं आलें. तें पाहून मुलगा गप्प झाला.

कायद्याचें म्हणणेंही स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवानाधारक वारल्यास वारसांनीं विनाकारण विलंब न लावतां शस्त्र पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. दुरुस्ती व परीक्षाही परवाना असलेल्यानेंच करावयाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रोही वा डुक्कर परवानगीवांचून मारतां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बंदूक ठाण्यांत जमा झाली. वृद्ध मातोश्रींना वाईट वाटलें. यजमानांची तेवढीच खूण होती. खंडेनवमीला पाटावर विळा, कोयता आणि नांगराचा फाळ मांडला. शेताची राखण डबे वाजवून चालली आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी वस्तु असेल, त्यांनीं ती मुलांच्या हातीं लागण्यापूर्वीं खालीं काढावी, आणि शंका असेपर्यंत ती वापरण्यास अयोग्य आहे असेंच समजावें.